पीआर की पासपोर्ट? मुलगा जर्मनीत, जमीन मुळशीत

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षं स्टुटगार्टला नोकरीला आहे, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांना मिळणारा नोकरीचा परवाना) गेला होता, मागच्या वर्षी पीआर म्हणजे तिकडे कायम राहायची परवानगी मिळाली. आता म्हणतोय जर्मन नागरिकत्वाचा फॉर्म भरतो, तिकडे हल्ली दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात म्हणे. ह्यांचं म्हणणं, पीआर आहे तेवढं बास झालं, पासपोर्ट बदलला की पोरगं हातचं गेलं. त्यात मुळशीला सासऱ्यांपासूनची थोडी शेतजमीन आहे, ती आता त्याच्या नावावर होणारच नाही असं सोसायटीतले एक जण छातीठोकपणे सांगतायत. खरं काय?
– एक आई, कोथरूड

उत्तर: काकू, दोन्ही ठेवता येतात ही परवानगी जर्मनीची आहे, आपली नाही. जर्मनीने 27 जून 2024 पासून जुनं नागरिकत्व सोडायची अट काढली आणि तिथे आठ वर्षं राहिलेलं असण्याची अट पाचवर आणली हे बरोबर, पण आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 असं आहे की स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं, आपोआप, कोणी नोटीस वगैरे पाठवत नाही. मग काही जण जुना पासपोर्ट कपाटात ठेवून देतात, असू दे कधी लागला तर म्हणून, तसलं काही करू देऊ नका, तो वापरणं गुन्हा आहे. कॉन्सुलेटमध्ये सरेंडर करायचा, सर्टिफिकेट घ्यायचं आणि मग ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) फॉर्म भरायचा. ओसीआय म्हणजे इकडे कधीही या, कितीही राहा, पोलिसांकडे नोंदणीची कटकट नाही.

आता पोरगं हातचं जाण्याचं. मला तर इथे उलटंच दिसतं. पीआर म्हणजे तिकडे राहायची परवानगी, आणि तिकडे राहिलात तरच ती टिकते. जर्मनीचा नेहमीचा पीआर असेल तर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं की तो रद्द होतो, जास्त राहायचं असेल तर निघायच्या आधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसातून मुदत वाढवून घ्यावी लागते. समजा उद्या काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग फिजिओ, मग दुसरा गुडघा, आणि मुलगा म्हणाला वर्षभर पुण्यातूनच काम करतो, तर पीआरवाल्याला कॅलेंडर बघत बसावं लागेल. जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय असलेला खुशाल दोन वर्षं कोथरूडला राहील आणि परत जाईल, त्याला कोणी विचारणार नाही. (युरोपियन युनियनचा म्हणून एक वेगळा लाँग टर्म पीआर असतो, त्यात युनियनबाहेर 12 महिने चालतात आणि आधी ब्लू कार्ड असलेल्यांना 24, मुलाच्या कार्डावर नेमकं काय छापलंय ते आज रात्रीच्या कॉलवर विचारा.) बाकीकडेही असंच आहे, कॅनडाच्या पीआरला पाच वर्षांत 730 दिवस तिथे काढावे लागतात, अमेरिकेचं ग्रीन कार्ड असताना रीएन्ट्री परमिट (परत येण्याची आगाऊ परवानगी) न काढता वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर ते धोक्यात येतं.

जमिनीबद्दल सोसायटीतल्या त्या काकांना चहाला बोलवा आणि सांगा की वारसाने आलेली शेतजमीन ओसीआयवाल्यालाही मिळते. मृत्युपत्र असो नसो, वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर नाव लागतं. विकायची झाली तर मात्र भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. नवीन शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही हे खरं, पण ते तर एनआरआय म्हणून आत्ताही घेता येत नाही हो, भारतीय पासपोर्ट खिशात असूनसुद्धा. फ्लॅट, दुकान घ्यायला दोघांनाही अडचण नाही. एकच सांभाळा, मायेपोटी हयातीतच बक्षीसपत्र करून शेतजमीन त्याच्या नावावर करायला जाऊ नका, शेतजमीन बक्षीस म्हणून एनआरआयलाही चालत नाही आणि ओसीआयलाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, तेही वकिलाला दाखवून.

मग जातं काय? मत जातं. आत्ता तो परदेशी मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, अर्थात मतदानाला इथे यावं लागतं आणि त्यासाठी तिकीट काढून येणारे किती असतात ते आपल्याला माहितीये. सरकारी नोकरी नाही, निवडणूक लढवता येणार नाही. आणि पुन्हा भारतीय व्हायचं म्हटलं तर ते सोपं नाही, हा मुद्दा मी हलका धरणार नाही. मिळतं काय, तर तिकडे मत, युनियनच्या कुठल्याही देशात नोकरी, आणि नोकरी गेली तरी देशात राहायचा हक्क कोणी काढत नाही. टॅक्सची काळजी यात आणू नका, भारत आणि जर्मनी दोघेही मुख्यतः तुम्ही राहता कुठे ते बघतात, पासपोर्ट बघून टॅक्स लावणारी अमेरिका.

माझं मत विचाराल तर त्याला पुढची दहा-पंधरा वर्षं तिकडेच काढायची असतील तर फॉर्म भरू दे. दोन-तीन वर्षांत परत यायचं डोक्यात असेल तर 255 युरो फी भरून, नागरिकत्वाची 33 प्रश्नांची परीक्षा देऊन (17 बरोबर आले की पास) मग भारतीय पासपोर्ट सोडण्यात मला काही अर्थ दिसत नाही. बी1 पातळीचं जर्मन त्याने बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनमध्येच केलं असेल तर भाषेचं काम झालंच आहे.

प्रश्न: दुबईत 14 वर्षं झाली, पीआर कधी मिळणार?
– एक वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर: नुसती वर्षं मोजून मिळणारा पीआर तिकडे नाहीच. साधा रेसिडेन्स व्हिसा नोकरीला बांधलेला, नोकरी गेली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधा नाहीतर परत या, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तोही जातो. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा आहे, त्याला कंपनीची स्पॉन्सरशिप लागत नाही आणि सहा महिन्यांची अटही नाही, पण तो पगार, शिक्षण, प्रॉपर्टी अशा निकषांवर मिळतो, तुम्ही त्यात बसता का ते आधी बघा. नागरिकत्वासाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, तिथलं सरकार नाव सुचवतं. तेव्हा पुण्यातलं घर भाड्याने द्या हवं तर, विकू नका.