खानापूरजवळ तारे बघायला चांगली जागा कशी शोधावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला राहायला आलाय, १० बाय ५० चा बायनॉक्युलर आहे, दुचाकी आहे, टेलिस्कोप नाही, आणि घराच्या गच्चीवरून मोजके तारे सोडले तर काही दिसत नाही. तर जवळपास कुठं जावं?

एखाद्या जागेचं नाव सांगून मोकळा झालो असतो, खरं नुसत्या नावाचा तुम्हाला फारसा उपयोग होणार नाही. मी बेळगावचा. बरीच वर्षं अमावस्येच्या आगंमागं गाडी काढून तुमच्या तालुक्यात भटकतोय. सुरुवातीला मीही 'पॉइंट' शोधत होतो: उंच असावा, लांब असावा, जंगलात असावा. तिन्हींत फसलो.

उंच म्हणून राजहंसगडावर गेलो. तिथून उत्तरेला अख्खं बेळगाव दिसतं, फोटोला झकास. ताऱ्यांचं काय? तर ध्रुव त्या उजेडात विरघळून जातो. आपल्याकडं तो मुळातच खाली असतो. हात लांब करून मूठ धरली की एक मूठ साधारण दहा अंशांची. जेवढा गावाचा अक्षांश तेवढेच अंश ध्रुव वर. खानापूरचा साडेपंधरा-पावणेसोळा, म्हणजे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दीड मूठ वर. तेवढीच पट्टी शहर खाऊन टाकतं. मग लांब आणि जंगल म्हणून जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या वाटेला लागलो. अंधार एक नंबर. खरं दोन्ही बाजूंची झाडी डोक्यावर येते आणि आकाश उरतं रस्त्याच्या रुंदीएवढं. शिवाय त्याच भागातलं भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही. रस्त्यावर गवा उभा असतो तो वेगळाच. हेडलाइटमध्ये आधी दोन डोळे दिसतात आणि मग कळतं की मागं एवढा मोठा प्राणी आहे.

आता कामाचं. आपल्या भागात आकाशाची खरी कमाई दक्षिणेला आहे. पुण्यात जे तारे दिसतात तेच आपल्याकडं दक्षिणेला तीन अंश वर दिसतात, आणि क्षितिजालगत तीन अंश म्हणजे धुरळ्याच्या थरातून बाहेर यायला पुरेसे. अगस्त्य हा ठळक तारा फेब्रुवारीत रात्री साडेनऊच्या सुमारास दोन मुठींहून थोडा जास्तच वर येतो. दिल्लीवाल्यांना तो एक मूठसुद्धा वर दिसत नाही. एप्रिलअखेर साडेदहाला, मेच्या मध्यावर साडेनऊला त्रिशंकू (चार ताऱ्यांचा क्रूस) दक्षिणेला बरोबर उभा असतो, दीड मुठीच्या आसपास. त्याच्या डावीकडं मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. आणखी तासाभरानं त्याच भागात, पण जवळपास दुप्पट उंचीवर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. तुमच्या बायनॉक्युलरमधून तो कापसाच्या बोंडासारखा दिसेल, सतराएक हजार प्रकाशवर्षांवरचे लाखो तारे. टेलिस्कोप नाही म्हणून हळहळू नका, यासाठी तो लागत नाही.

म्हणून जागा अशी हवी की दक्षिणेचं क्षितिज मोकळं आणि गावाचा उजेड पाठीमागं, उत्तरेला. खानापूरकरांचं नशीब बघा, बेळगाव आणि खानापूर दोन्ही एकाच बाजूला टाकता येतात. गावातून दक्षिणेला किंवा आग्नेयेला आठ-दहा किलोमीटर गेलात, नंदगड-हलशीच्या बाजूला किंवा बिडी-कक्केरीकडच्या उघड्या माळाला, की दोन्ही उजेड पाठीशी जातात. आग्नेयेला धारवाड-हुबळीचा फिकट पट्टा क्षितिजाला चिकटलेला दिसतो, तो चालवून घ्या. गोव्याचा हमरस्ता मात्र तीन-चार किलोमीटर तरी लांब ठेवा.

मोबाईलवर प्रकाशप्रदूषणाचे नकाशे मिळतात, ते बघा, खरं त्यांच्यावर विसंबू नका. ते ज्या उपग्रहाच्या मोजणीवर बेतलेले असतात त्याला निळसर प्रकाश जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे ग्रामपंचायतीनं पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले की नकाशावर गाव पूर्वीपेक्षा अंधारं वाटू शकतं आणि प्रत्यक्षात आकाश जास्त पांढरं झालेलं असतं. एकटादुकटा दिवा तर नकाशावर येतच नाही, आणि तुमचा खेळ मोडतो तो त्यानंच. आपल्याकडचे नेहमीचे वैरी म्हणजे रात्रभर बल्ब जळणारी पोल्ट्री, हॅलोजन लावलेलं फार्महाऊस, आणि पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्या. भट्टीचा उजेड फार नसतो, पण धूर दूरवर आडवा पसरून राहतो. वारा कुठून कुठं आहे ते बघूनच बसा.

यासाठी एकच उपाय: जागा दिवसा बघून यायची, मग त्याच जागी रात्री आठला पुन्हा एक चक्कर. दिवसा दक्षिण कुठं ते कंपासवर बघा, त्या बाजूला एक मुठीपेक्षा उंच झाड, टेकाड, टॉवर नको. रात्रीच्या चक्करीला फक्त दिवे मोजा.

आणि दिवसा जाल तेव्हा जवळच्या शेतातल्या माणसाशी बोलून ठेवा. ही शिष्टाचाराची गोष्ट नाही, सांगतो का ते.

एका अमावस्येला आम्ही तिघं एका जुन्या देवळाच्या मागच्या माळावर बसलो होतो. डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडानं ती क्षणात वाया जातात, म्हणून बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावलेला. ट्रायपॉड उभा. बोलणं हळू आवाजात. आता हेच गावाकडून कसं दिसतं बघा: अमावस्येची रात्र, जुनं देऊळ, लाल उजेड, तीन अनोळखी माणसं. पंपाला करंट आला म्हणून पाणी पाजायला आलेल्या एकानं बघितलं आणि दहा मिनिटांत सात-आठ जण काठ्या घेऊन हजर. पहिला प्रश्न, "काय खणालायसा?" गुप्तधनवाले समजले होते आम्हाला. मागून एकानं कानडीत विचारलं, "एन माडाकत्तीरी?" काय करताय? माझा मित्र कसाबसा म्हणाला, "चुक्की नोडाकत्तेवरी." चांदण्या बघतोय. हे उत्तर कुणालाच पटलं नाही. ट्रायपॉडचे पाय उघडून बघितले, गाड्यांच्या डिक्क्या उघडायला लावल्या, टिकाव-पहार नाही याची खात्री झाली तेव्हा काठ्या खाली आल्या. त्यातला एक म्हातारा जाता जाता मृगाच्या मधल्या तीन ताऱ्यांकडं काठी करून म्हणाला, "ते तिकांडं. ते बघाय एवढ्या लांब कशाला यायचं, तुमच्या गावात नाही होय?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

तेव्हापासून मी नवीन जागी आधी दिवसा जातो, ज्याचं शेत त्याला सांगतो, गाडीचा नंबर देतो. जुन्या देवळाच्या आसपास बसतच नाही. आता दोन-तीन ठिकाणी लोक ओळखतात, कुत्रीसुद्धा ओळखतात. बायकोपोरांना घेऊन जाणार असाल तर जांबोटी-कणकुंबी भागात राहायला खोल्या मिळतात, तिथलं अंगण घ्या आणि मालकाला तासभर बाहेरचे दिवे बंद ठेवायची विनंती करा. वाटेवर गाडी लावून बसण्यापेक्षा ते शंभरपट बरं.

तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढा, वेगळं ॲप नको. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ त्यावर असतेच. तिथून चंद्र रोज सरासरी पन्नासेक मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे संकष्टीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रात्रीचा पहिला भाग मोकळा मिळायला लागतो, आणि अमावस्येनंतर चतुर्थी-पंचमीपर्यंत चंद्र दहाच्या आसपास मावळून जातो. महिन्याचे असे बारा-तेरा दिवस.

हंगामाचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर विसरा. ऑगस्टमधला तो गाजलेला उल्कावर्षाव आपण छत्रीखालूनच बघायचा. आकाशगंगेचा धनु-वृश्चिकाकडचा जाड भाग संध्याकाळी दिसायचे महिनेही नेमके हेच, ती सल आपल्याकडच्या सगळ्यांनाच आहे. ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर अंधार पडल्या पडल्या नैर्ऋत्येला त्यातलं थोडं हाती लागतं. नाहीतर एप्रिलात पहाटे दोन-तीनला उठायची तयारी हवी. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम, फक्त दव एवढं पडतं की बायनॉक्युलरच्या काचा पुसता पुसता जीव जातो. एक कोरडा पंचा गळ्यात असू द्या. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतल्या उल्का, चंद्र नसेल तर रजा टाकून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळाला वणवे, उसाचं पाचट जाळणं, सगळीकडं धुरकट. आणि मग एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. लोक वळवाच्या दिवसांत आकाश बघायला जात नाहीत, मी तेव्हाच जातो. दुपारी तासभर कोसळून गेला आणि रात्री उघाड पडली तर हवेतला सगळा धुरळा बसलेला असतो, तशी काळी दक्षिण वर्षभरात दिसत नाही. त्रिशंकूही नेमका तेव्हाच वर असतो.

जागा जमली का हे ओळखायला अरुंधती बघू नका, ती बसस्टँडवरूनही दिसेल. मार्चमध्ये रात्री साडेनऊ-दहाला पुष्य नक्षत्र जवळजवळ डोक्यावर असतं. तिथं नुसत्या डोळ्यांनी धुराचा पुसट ठिपका दिसला (बायनॉक्युलर लावलात की त्याचे तारे होतात) तर जागा ठेवायची. नोव्हेंबरअखेर असाल तर साडेनऊला उत्तरेकडं वर देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलक्सी) शोधा, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा तो डाग डोळ्यांनी दिसला पाहिजे. दिसला नाही तर आणखी पाच किलोमीटर पुढं.

एखाद्या रात्रीसाठी लांब जायची तयारी असेल तर सौंदत्तीच्या बाजूचं काळ्या रानाचं उघडं पठार बघा. पाऊस कमी, झाडी कमी, चारी बाजूंनी क्षितिज. यल्लम्माच्या डोंगरावर नको, तिथं दिवे आहेत. त्याच्या बरंच पुढं. यात्रा पौर्णिमेच्या असतात, त्यामुळं गर्दीची गाठ आपल्याशी सहसा पडत नाही.

सध्या मात्र एवढं करा, येत्या रविवारी दुपारी बिडीच्या रस्त्याला जाऊन या. आणि मेमध्ये रात्री निघालात तर सतरंजीबरोबर रेनकोटही डिक्कीत टाका.