ड्रायव्हर बदलण्याआधी रॅमचा वेग उतरवा, आणि तोपर्यंत बॅकअप घेऊ नका

आपली पोस्ट वाचताना मला दोन वर्षांपूर्वीचे माझेच सहा आठवडे आठवले. आपल्या लिनक्स संगणकात रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर, वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅमच्या जुन्या १६ जीबीच्या पट्टीशेजारी नवी १६ जीबीची पट्टी बसवली, बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पट्टीवर छापलेल्या वेगाने चालवण्याची सोय, चालू करून वेग ३६०० केला, आणि तेव्हापासून ब्राउझरमध्ये व्हिडिओ सुरू असताना स्क्रीन गोठते. लॉगमध्ये (संगणकाच्या नोंदींत) ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’ आणि त्यापाठोपाठ ‘जीपीयू रिसेट बिगिन’ या, म्हणजे ग्राफिक्स अडकल्याच्या, ओळी दिसतात. आपण कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलून पाहिला, मेसा (ग्राफिक्सचे सॉफ्टवेअर) बदलून पाहिले, आणि आता सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढून डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकारच, बदलण्याच्या विचारात आहात. ते एवढ्यात करू नका. लॉग कसा पाहायचा, बायॉसमध्ये कसे जायचे हे आपल्याला येते असे पोस्टवरून दिसते, म्हणून तो भाग सोडून देतो.

माझ्या मते दोष एएमडीजीपीयू या ग्राफिक्स ड्रायव्हरचा नसून रॅमच्या मांडणीचा असण्याची शक्यता अधिक आहे. या प्रोसेसरातील ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधलाच वाटा वापरते. रॅममधला एखादा बिट ब्राउझरच्या मजकुरात उलटला तर एखादे अक्षर चुकेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही; तोच बिट ग्राफिक्सला दिलेल्या आदेशांच्या रांगेत किंवा पत्त्यांच्या तक्त्यात उलटला, तर जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) अडकतो आणि लॉगमध्ये नाव ड्रायव्हरचे येते. साध्या ५६००जीवर ईसीसी मेमरीची (चुका ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीची) सोय नाही, त्यामुळे खरी चूक नोंदवणारे कोणीच नसते. शिवाय हा प्रोसेसर अधिकृतपणे डीडीआर४-३२०० पर्यंतच आहे. पट्टीवर छापलेला ३६०० हा आकडा ओव्हरक्लॉकिंगचा आहे, आणि तोही एकाच पाकिटातून आलेल्या पट्ट्यांसाठी. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांचे मॉडेल एकच असले तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात. माझ्या निघाल्या.

तेव्हा एक्सएमपी बंद करा (काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात), २४०० किंवा २६६६ असा जो वेग आपोआप येईल तो राहू द्या, आणि चार दिवस संगणक नेहमीसारखा वापरा. व्हिडिओ थोडे अडखळतील, कारण अशा ग्राफिक्सचा वेग रॅमच्या वेगावर अवलंबून असतो. पण गोठणे थांबले, तर दोष कुठे आहे ते कळले.

आता माझी चूक सांगतो. मी उबंटू या डिस्ट्रोवर होतो आणि तिथे फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) ईएक्सटी४ होती. ड्रायव्हरच्या नावाने वैतागून मी फेडोरा बसवले. फेडोरा वर्कस्टेशनमध्ये २०२० सालच्या ३३व्या आवृत्तीपासून बीटीआरएफएस ही फाइल सिस्टिम मुळातच येते, आणि ती प्रत्येक डेटा ब्लॉकची चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखणारा आकडा) ठेवते. तिसऱ्याच दिवशी लॉगमध्ये ‘सीसम फेल्ड’ (चेकसम जुळली नाही) अशा ओळी दिसू लागल्या. संपूर्ण संगणकात खरे बोलणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि मी काय केले, तर ‘बीटीआरएफएस भरवशाचे नाही’ असे ठरवून पुन्हा ईएक्सटी४वर गेलो. ईएक्सटी४ फाइलींच्या मजकुराची चेकसम ठेवत नाही, त्यामुळे तक्रारी बंद झाल्या आणि मला बरे वाटले. या ये-जा करण्यात जागा हवी म्हणून मी बाहेरच्या डिस्कवरचा जुना, चांगला बॅकअप पुसला आणि त्याच सदोष रॅममधून नवा घेतला. चार महिन्यांनी बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो उघडले, तर एका फोटोचा वरचा तृतीयांश भाग ठीक आणि त्याखालचे सगळे चित्र डावीकडे सरकलेले, हिरवट-जांभळे. अशा ४१ फाइली सापडल्या. न सापडलेल्या किती, ते देव जाणे. स्क्रीन गोठण्याने माझे काही कायमचे गेले नाही, या बॅकअपने गेले.

मधल्या काळात मी संगणक एका सर्व्हिस सेंटरमध्येही नेला होता. तिथे त्यांनी एक पट्टी काढली, विंडोज चढवले, दहा मिनिटे एक गाणे वाजवले, दुसऱ्या पट्टीचेही तसेच केले, आणि कागदावर ‘हार्डवेअर ओके, लिनक्सचा प्रॉब्लेम’ असे लिहून ५०० रुपये घेतले. दोन्ही पट्ट्या एकत्र लावून पाहा असे मी तीनदा म्हणालो, तर ‘सर, एकेक ठीक आहे म्हणजे दोन्ही ठीक आहेत’ असे उत्तर मिळाले. नेमके तेच खोटे होते, कारण एकेकटी पट्टी ३६००वर चालत होती. दोघींचा भार मेमरी कंट्रोलरवर एकदम आला की चुका होत होत्या.

म्हणून तपासणी दोन्ही पट्ट्या जागेवर ठेवूनच करा. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ घ्यायचे तर २०२२ मध्ये आलेली सहावी किंवा पुढची आवृत्ती घ्या, जुनी ५.०१ यूईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बायॉसवर) सुरूच होत नाही. रात्रभर चालवा, मात्र ती पास झाली म्हणून रॅमला निर्दोष ठरवू नका, कारण त्या चाचणीत ग्राफिक्स स्वस्थ बसलेले असते. मला अधिक उपयोगी पडला तो घरगुती उपाय असा: वीसेक जीबीची एक फाइल घ्या, एका बाजूला व्हिडिओ चालू ठेवा, त्या फाइलवर एसएचए२५६सम (फाइलची चेकसम काढणारी आज्ञा) चालवा, कर्नलची कॅशे (रॅममध्ये राहिलेली फाइलची प्रत) रिकामी करा आणि पुन्हा चालवा. माझ्याकडे सहा वेळांत दोन उत्तरे वेगळी आली. एक्सएमपी बंद केल्यावर वीसच्या वीस वेळा एकच आले. (असा फरक क्वचित डिस्कमुळेही येऊ शकतो, हे लक्षात असू द्या.)

कर्नलला ‘मेममॅप’ देऊन खराब पत्ते वगळण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. ठराविक जागी मेलेल्या चिपसाठी तो चांगला आहे, पण वेगामुळे होणारी चूक दर वेळी नव्या पत्त्यावर होते, तिथे त्याचा उपयोग नाही. इकडून तिकडून उचलून ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) भरलेले बाकीचे पॅरामीटरही चाचणीपूर्वी काढून टाका. माझ्याकडे सात साठले होते आणि कोणता कशासाठी घातला होता ते मलाच आठवत नव्हते. मात्र आपल्या लॉगमध्ये ‘नॉट इनफ मेमरी फॉर कमांड सबमिशन’ अशी ओळ असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवा. ती मेमरी अपुरी पडल्याची खूण आहे, आणि त्यासाठी आधी रॅम नेमके कोण खाते आहे ते पाहावे लागेल.

मी हार्डवेअरचा अभियंता नाही, आणि आपला बोर्ड माझ्यापेक्षा वेगळा असू शकतो. माझ्याकडे ३२००वर तिसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीन गोठली, २९३३वर गेले दीड वर्ष गोठलेली नाही. नवी पट्टी बसवल्यानंतर आपण एखादा बॅकअप घेतला आहे का, आणि त्याआधीचा शिल्लक आहे का, एवढे आधी कळवा. जुना शिल्लक असेल तर ती डिस्क आत्ताच काढून कपाटात ठेवा.