तीन वर्षांचे पॅकेज की महिन्याची पावती?

हर्णै येथील एका वाचक भगिनींनी विचारले आहे: ‘माझी मुलगी ११ वर्षांची आहे आणि मी ३७ वर्षांची. आम्हा दोघींना तायक्वांदो शिकायचे आहे. दापोलीत एका मंडळाच्या सामुदायिक क्रीडा उपक्रमात शनिवारी आणि रविवारी वर्ग भरतो. दोघींचे मिळून महिन्याला ९०० रुपये होतात. तेथीलच एका खासगी अकादमीचा वर्ग आठवड्यातून तीन दिवस असून फी दोघींची २,००० रुपये आहे. तीन वर्षांचे ‘ब्लॅक बेल्ट पॅकेज’ आत्ताच घेतले, तर ७२,००० ऐवजी ५४,००० रुपये एकरकमी भरावे लागतील. यजमानांचा मासेमारी नौकेत वाटा आहे. घरखर्च महिना २२,००० रुपये असून बँकेत १,१०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. ती मोडून पॅकेज घ्यावे का? आणि या वयात स्वतःवर असा खर्च करणे ही चैन ठरेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार. ठेव मोडू नये आणि पॅकेज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उपक्रमाच्या वर्गात मात्र दोघींनीही नाव घालावे.

पॅकेजमधील सवलत खोटी आहे असे मी म्हणणार नाही. महिना २,००० रुपयांच्या छत्तीस हप्त्यांऐवजी आज ५४,००० रुपये भरले, तर त्या पैशावर वर्षाला सुमारे २० टक्के परतावा मिळाल्यासारखे होते, आणि एवढे व्याज कोणतीही बँक तुमच्या ठेवीवर देणार नाही. परंतु २० टक्के देऊ करणारा मनुष्य तुमच्याकडून कर्ज घेत असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अकादमी तुमचे पैसे आज घेते आणि त्याची फेड तीन वर्षे शिकवण्याच्या रूपाने करणार आहे. त्यासाठी तिने काही तारण ठेवलेले नाही, जामीनदारही दिलेला नाही. शिक्षक नोकरीनिमित्त मुंबईला गेले, भाड्याची जागा सुटली किंवा मुलीचे मन दुसऱ्या खेळाकडे वळले, तर उरलेली रक्कम परत मिळेल असे तुम्ही पाठवलेल्या पत्रकात कोठेही लिहिलेले नाही. ५४,००० म्हणजे अकादमीच्याच मासिक दराने २७ महिन्यांची फी. त्याआधी शिकणे थांबले तर सवलत घेऊनही तुम्ही तोट्यात राहाल. त्याच रकमेत उपक्रमाचा वर्ग पाच वर्षे चालतो.

आता ‘ब्लॅक बेल्ट’ या शब्दाविषयी, कारण पॅकेज त्याच्याच जोरावर विकले जात आहे. जागतिक तायक्वांदो संघटनेच्या पद्धतीत काळ्या पट्ट्याची, म्हणजे ‘दान’ची, प्रमाणपत्रे दक्षिण कोरियातील सोल येथील कुक्कीवॉन ही १९७२ साली स्थापन झालेली संस्था देते. पंधरा वर्षांखालील मुलांना ती दान देत नाही, ‘पूम’ देते. त्याचा पट्टा अर्धा लाल आणि अर्धा काळा असतो आणि वय झाल्यावर पूमचे दानमध्ये रूपांतर करून घेता येते. तुमची मुलगी तीन वर्षांनी चौदा वर्षांची असेल. सर्व काही वेळेवर पार पडले तरी तिला पूमच मिळेल, आणि तोही परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर. शिवाय ‘दान परीक्षेचे शुल्क वेगळे’ अशी बारीक अक्षरातील ओळ पत्रकाच्या तळाशी आहेच.

दहावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण यांचा उल्लेखही पत्रकात आहे. हे लाभ मान्यताप्राप्त स्पर्धांमधील कामगिरीवर मिळतात, पट्ट्याच्या रंगावर नव्हे. तायक्वांदो २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकाचा खेळ आहे आणि शालेय क्रीडा स्पर्धांतही तो खेळला जातो. मुलीला पुढे त्यात उतरायचे झाल्यास तिच्या शाळेमार्फत आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत नाव जाते. त्यासाठी आज पॅकेज घेण्याची गरज नाही. प्राप्तिकरातही सूट नाही, कारण जुन्या करप्रणालीतील मुलांच्या फीची वजावट शाळा-महाविद्यालयांच्या पूर्णवेळ शिक्षणापुरतीच आहे.

ठेवीला हात लावू नये असे मी म्हणतो, त्याचे खरे कारण मात्र समुद्र आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यांत्रिकी नौका किनाऱ्यावर असतात, नारळी पौर्णिमेनंतरही समुद्र शांत होईपर्यंत काही दिवस जातात, आणि हंगामाच्या तोंडावर डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती व खलाशांची उचल यांसाठी पैसे आधी घालावे लागतात. तुमची ठेव आज पाच महिन्यांचा घरखर्च भागवते. ५४,००० काढल्यावर उरलेले ५६,००० रुपये जेमतेम अडीच महिने पुरतील, म्हणजे जूनमध्ये सुरू झालेला खर्च ऑगस्टच्या मध्यावर ठेवीच्या तळाशी पोहोचेल. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यात छपरांची काय अवस्था केली, हे तुम्हाला मी सांगण्याची आवश्यकता नाही. तेव्हा हाताशी रोकड नसणाऱ्यांना दागिने गहाण ठेवण्यावाचून फारसा मार्ग नसतो.

उपक्रमाचा वर्गही केवळ ९०० रुपयांत पडत नाही, हे खरे. हर्णै-दापोली एसटीने दोघींचे जाऊन-येऊन ६० रुपये होतात असे तुम्ही लिहिता. मुलीला आज मुलांचे अर्धे तिकीट आहे आणि बाराव्या वर्षानंतर तुमच्याप्रमाणे महिलांची ५० टक्के सवलत तिलाही लागू होईल, म्हणून हा खर्च एकदम दुप्पट होण्याची भीती नाही. महिन्याला साधारण ५०० रुपये प्रवासाचे धरा. पट्टा परीक्षेचे प्रत्येकी ४०० आणि गणवेशाचे, ज्याला डोबोक म्हणतात, प्रत्येकी १,२०० रुपये तुम्ही कळवले आहेत. मुलीचा डोबोक एक माप मोठा घ्यावा; पँटची आणि बाह्यांची टोके आत दुमडून टाके घातले, तर तो आणखी एक वर्ष निघेल. प्रत्येकी ३,५०० रुपयांचा छातीचा गार्ड, हेल्मेट आणि नडगीचे गार्ड यांचा संच पहिल्या दिवशी घेऊ नका. सुरुवातीचे काही महिने उभे राहण्याच्या पद्धती, लाथांचा सराव आणि पूमसे, म्हणजे ठरावीक क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली, यांतच जातात. प्रत्यक्ष लढतीचा सराव सुरू होईपर्यंत संच कपाटात पडून राहील, आणि तोवर मुलीचे माप बदललेले असेल.

फी आणि प्रवास मिळून महिन्याला १,४०० रुपये होतात. सप्टेंबर ते मे ही रक्कम चालू उत्पन्नातून द्यावी. जून ते ऑगस्टचे ४,२०० आणि एका परीक्षेचे दोघींचे ८०० असे ५,००० रुपये मात्र मे महिन्यातच बाजूला काढावे लागतील. तुम्ही सुके बोंबील, जवळा आणि सोडे विकता, आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी गिऱ्हाईक मे महिन्यातच येते. ही रक्कम त्या गल्ल्यातून थेट तुमच्या स्वतःच्या बचत खात्यात भरावी. यासाठी पोस्टाची आवर्ती ठेव उघडू नका, कारण तिची मुदत पाच वर्षांची असते.

यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निघते. तुमच्या वाट्याची फी महिना ४५० रुपये आहे आणि ती तुमच्याच कमाईतून जाणार आहे. मुलीला सोबत म्हणून तुम्ही दर शनिवारी-रविवारी दापोलीला जाणारच, तर तिकीट तेवढेच आणि वेळही तेवढाच. वर्ग संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहण्यापेक्षा आत जाऊन शिकणे हिशेबाच्या दृष्टीनेही अधिक शहाणपणाचे आहे. सदतिसाव्या वर्षी गुडघा दुखावण्याची शक्यता अधिक, एवढे मात्र ध्यानात ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक २० रुपयांचा हप्ता खात्यातून जात नसेल तर तो सुरू करावा; तो विमा अपघाती मृत्यू व अपंगत्वापुरता आहे, मुरगळलेल्या पायाच्या औषधोपचाराचा खर्च त्यातून मिळत नाही.

वर्षभराने मुलीची गती पाहून तीन दिवसांचा वर्ग हवा असे वाटले, तर अकादमीकडे तिच्या एकटीसाठी तीन महिन्यांची फी भरण्याची तयारी दाखवावी आणि मध्येच वर्ग बंद पडल्यास उरलेली रक्कम परत देण्याची अट पावतीवर लिहून मागावी. ती अट लिहून देण्यास नकार मिळाला, तर उपक्रमाचाच वर्ग चालू ठेवावा.