आधी गड, मग मिसळ

प्रिय मुली,

तुझा सोमवारचा मेसेज दोनदा वाचला. शनिवारी हरिहर गडावरून उतरताना पाय मुरगळला, मोबाईल डबक्यात पडला, शेवटची जीप चुकली, सोबतच्यांशी वाजलं आणि आज ऑफिसला दांडी. खाली तू लिहिलंयस, ‘मावशी, हे आपल्याच्यानं होणारं नाही. डोंगर बंद.’ तुला अजून आठवडाभर जिना उतरायचा नाही आणि माझ्या गुडघ्यांना तुझे तीन मजले चढवत नाहीत. म्हणून डबा आणणाऱ्या पोराच्या हातीच हे पत्र देतेय.

आधी पाय, बाकीचं मागाहून. तू स्वतःच्या पायांनी खाली आलीस आणि काल लंगडत का होईना घरात फिरलीस, म्हणजे हाड शाबूत असावं. तरी आज एक करून बघ. घोट्याच्या दोन्ही बाजूंना हाडाची गाठ लागते ना, तिची मागची कड बोटाने दाबून बघ. मग पावलाची बाहेरची कड चाचप, करंगळीपासून मागे येताना मध्यावर एक हाड थोडं वर आलेलं लागेल, तेही दाब. नेमकी हाडावरच कळ आली, किंवा त्या पायावर भार देऊन चार पावलं टाकता आली नाहीत, तर संध्याकाळची वाट न बघता रिक्षा कर आणि एक्स-रे काढून घे. कळ हाडाच्या पुढे-खाली मऊ भागात असेल, तर लिगामेंट ताणलंय. ते आपसूक भरून येतं, फक्त त्याला भरायला वेळ द्यावा लागतो.

बर्फ रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेव, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने सुरू करून घोट्याच्या वर न्यायचं. बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांध. झोपताना पायाखाली दोन उशा. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही आणि चोळणं तर मुळीच नाही. तुझ्या घरमालकीण काकू लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन येणार हे मी आत्ताच सांगते. तेल ठेवून घे, आभार मान, लावू नकोस. कोपर खरचटलंय तिथे हळद भरली असशील तर साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुऊन काढ. डोंगरातल्या मातीची जखम आहे, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन गेल्या पाच वर्षांत झालं नसेल तर तेही उरकून टाक.

सूज उतरली, दुखणं गेलं की सगळे थांबतात आणि तिथेच पाय पुन्हा मुरगळायची तयारी सुरू होते. लिगामेंट ताणलं की घोट्याची तोल ओळखायची सवय बिघडते. म्हणून पुढचा महिनाभर सकाळी दात घासताना दुखऱ्या पायावर एकटीने उभी राहा, एक हात बेसिनला. जमायला लागलं की हात सोड. मी नोकरीत असताना डिस्चार्ज देताना हे प्रत्येकाला सांगायचे. करणारे थोडेच निघायचे, बाकीचे पुन्हा दारात दिसायचे.

आता शनिवार. तू चार संकटं लिहिलीस. मला त्यात उशीर तेवढा दिसतो.

सकाळी साडेसातला नाशिक सोडायचं ठरलं होतं. आठ वाजता कुणीतरी म्हणालं, मिसळ खाऊन निघू. शनिवारी सकाळी नाशकात मिसळ म्हणजे आधी वहीत नाव लिहायचं, मग टेबलाची वाट बघायची, मग तर्री दोनदा मागायची, पापड, दही, आणि आलोच आहोत तर जिलबी. निघेपर्यंत अकरा. गडाच्या पायथ्याला, निरगुडपाड्याला उतरलात तेव्हा बाराच्या वर वाजून गेले होते. पायऱ्यांपाशी तीन. तिथे खोळंबा, कारण हरिहरच्या त्या कातळातल्या पायऱ्यांवर एका वेळी एकच माणूस चढतो, आणि पावसाळ्यातल्या शनिवारी अर्धं नाशिक आणि पाऊण मुंबई तिथे आलेली असते. माथ्यावर पोहोचलात सव्वाचारला. तळं, मारुती, दगडी कोठार, फोटो. उतरायला लागलात सव्वापाचला. सप्टेंबरच्या शेवटाला इथे साडेसहाच्या आसपास सूर्य बुडतो, आणि ढग असले की झाडीत त्याआधीच अंधारतं.

आता बघ, बाकीचं सगळं कसं त्या उशिराच्या पोटातून निघालं. ज्या पायऱ्यांच्या धास्तीने तू आठवडाभर व्हिडिओ बघत होतीस, तिथे तुला काही झालं नाही. कातळाकडे तोंड करून, पायरीच्या कडेला कोरलेल्या खोबणीत बोटं रुतवून, एकेक पाय खाली, अशी तू नीट उतरलीस. पाय मुरगळला तो खाली, साध्या पायवाटेवर. कारण तोवर मांड्या भरून आल्या होत्या, ‘अवघड ते झालं’ म्हणून लक्ष सुटलं होतं, तांबडी माती ओली होती आणि जीप सुटेल म्हणून तुम्ही पळत होतात. टॉर्च मोबाईलचा होता, म्हणून मोबाईल हातात होता, म्हणून पडताना तो डबक्यात गेला. मोबाईल गेला म्हणून जीपवाल्याला थांब म्हणता आलं नाही. मिसळीच्या रांगेत गेलेले तीन तास संध्याकाळी सव्याज वसूल झाले.

तू नवे बूट घ्यायचं म्हणतेस. घे हवं तर. पण बुटांनी घड्याळ मागे जात नाही.

मी तुझ्या जागी असते तर एवढंच ठरवलं असतं: परतीची वेळ. घरून निघण्याआधी, सगळ्यांसमोर. सूर्यास्तातून तीन तास वजा कर, ती वेळ झाली की जिथे असू तिथून मागे वळायचं. माथा दिसत असला तरी, उरलेल्या पायऱ्या मोजता येत असल्या तरी. डिसेंबरमध्ये सहालाच मावळतं, तेव्हा तीनला वळायचं. हे ऐकायला फार कडक वाटतं, आणि ग्रुपमध्ये असं बोलणारा माणूस कुणाला आवडत नाही हेही मला ठाऊक आहे. पण हरिहर कुठे पळून चाललाय? 1818 मध्ये इंग्रजांनी या भागातले किल्ले घेतले, कितीतरी गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, तरी या पायऱ्या टिकल्या. तुझ्यासाठी अजून एक पावसाळा थांबतील. आणि मिसळच खायची असेल तर उतरल्यावर खा. किंवा मग सरळ रामशेज धर. आशेवाडीपर्यंत गाडी जाते, गड लहान आहे, मिसळ पचायच्या आत माथ्यावर पोचशील. मोगलांना मात्र तो वर्षानुवर्षं वेढा घालूनही हाती लागत नव्हता, त्यामुळे ‘सोप्पा आहे’ असं तिथे मोठ्याने म्हणू नकोस.

सॅकमध्ये दोन वस्तू वाढव. कपाळाला बांधायचा टॉर्च, म्हणजे दोन्ही हात मोकळे. आणि एक कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत: आईचा नंबर, गावातल्या जीपवाल्याचा नंबर, 108 आणि 112. तुम्हा पोरांना एकही नंबर पाठ नसतो.

पडल्यावर तू जे केलंस ते मात्र मला फार आवडलं आणि तू ते मेसेजमध्ये एका ओळीत उरकलंस. तू दहा मिनिटं खाली बसलीस. बूट काढला नाहीस. हे तुला कुणी शिकवलं? वाटेत बूट काढला की सूज पसरते, पाय पुन्हा आत जात नाही आणि उरलेली वाट अनवाणी. ओढणी बुटावरूनच आवळून बांधलीस, काठी शोधलीस, मगच उठलीस. माणसं पडली की लगेच ‘काही नाही झालं’ म्हणत उभी राहतात, ती लाजेने. त्या घाईत दुसऱ्यांदा पडतात.

मोबाईल. तांदळाच्या डब्यातून बाहेर काढ. तांदळाचा भुगा आणि कणी चार्जिंगच्या भोकात जाते, ॲपल कंपनीनेही तसं करू नका म्हणून सांगितलंय. बंदच ठेव, सिमचा ट्रे काढ, पुसून पंख्याखाली ठेव, दोन दिवस चार्जर लावू नकोस. तरी नाही उठला तर दुरुस्तीच्या दुकानात.

सोबतच्यांचं जरा नाजूक आहे. दोघं पुढे निघून गेले याचा तुला राग आहे, आणि डोंगरात शेवटच्या माणसाने वेग ठरवायचा असतो, तेव्हा तो राग रास्त आहे. पण तूच लिहिलंयस की ते जीप अडवायला धावले होते. जीप त्यांनाही मिळाली नाही, नंतर तासभर रस्त्यावर उभं राहून दुधाचा टेम्पो त्यांनीच थांबवला. ग्रुपवर काही टाइप करू नकोस. तिथे टाकलेलं वाक्य सगळे आपापल्या आवाजात वाचतात. ऑफिसला जाशील तेव्हा चहाला दोघांना बाजूला घे आणि म्हण, ‘तुम्ही दिसेनासे झालात तेव्हा मी घाबरले होते.’ आणि जी तुझ्याबरोबर थांबली, तुझी सॅक जिने उचलली, तिचं नाव तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये कुठेच आलं नाही. तिला आज फोन कर. काकूंचा मोबाईल माग.

ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलंयस, ते दुरुस्त कर. पुढच्या आठवड्यात लंगडत जाशील तेव्हा पोटाचं काय सांगणार?

‘डोंगर बंद’ यावर मी वाद घालत नाही. पायाला भार पेलू लागला, दोन-तीन आठवड्यांनी जिना चढता-उतरता दुखेनासं झालं, की एका रविवारी सकाळी आपण पांडवलेण्यांना जाऊ. पायऱ्या बांधलेल्या आहेत, हवं तिथे बसता येतं, माझ्याही गुडघ्यांना झेपतं. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलाच्या पश्चात, नातू गादीवर असताना तिने ते लेणं भिक्षूंना दान दिलं आणि मुलाचे पराक्रम भिंतीवर कोरून घेतले. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईचं म्हणणं तिथे उभं राहून बघता येतं. तू नाशकात येऊन वर्ष होत आलं आणि हायवेवरून फक्त ती टेकडी बघितलीस.

त्यानंतर पुढच्या पावसाळ्यात अंजनेरी. तिथे सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं एक रोप आहे, जगाला ते पहिल्यांदा याच डोंगरावर सापडलं. ते शोधायचं म्हणजे पायाखाली बघत, हळू चालावं लागतं. तुझ्या घोट्यासाठी याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

राहिली आई. तिला काही कळवलं नाहीस, कारण ‘ती परत कुठे जाऊ देणार नाही’. अगं, दिवाळीला जळगावला जाशील तेव्हा ती जिन्यावरची तुझी चाल बघूनच ओळखेल आणि मग खरंच जाऊ देणार नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर फोन कर. सुरुवात ‘मी बरी आहे, घरी आहे’ इथून कर, पाय त्याच्यानंतर. ती रडली तर मध्ये बोलू नकोस. ओरडली तर माझा नंबर दे, मी साडेनऊपर्यंत जागी असते.

तुझी,
मावशी