सेंटर मिळत नाही म्हणून थांबू नकोस

एका मुलीचं पत्र आलंय. नाव देऊ नका म्हणालीये, देत नाही. थोडक्यात असं आहे:

"मावशी, माझा धाकटा भाऊ 26 वर्षांचा आहे. बाइकवरून पडला तेव्हा पेनकिलरच्या गोळ्या सुरू झाल्या त्या सुटल्याच नाहीत, आता हेरॉइनपर्यंत गेलंय आणि वर झोपेच्या गोळ्या. आमचं शहर छोटं, इथे व्यसनमुक्ती केंद्र नाही. लांबच्या एका सेंटरवाल्यांनी सांगितलं की गाडी पाठवतो, उचलून आणतो, त्याला आधी काही बोलू नका, सहा महिने भेट नाही फोन नाही. आई म्हणते त्यापेक्षा आपणच आठवडाभर खोलीत कोंडू, कुणाला कळायला नको. मला दोन्ही पटत नाहीये. कुठे जाऊ, कुणाला विचारू?"

अगं पोरी, तुला दोन्ही पटत नाहीये ते बरोबरच आहे.

आधी खोलीचं बोलू, कारण ते उद्यासुद्धा होऊ शकतं. हेरॉइन बंद झालं की जे होतं, ज्याला ही पोरं टर्की म्हणतात, त्यात जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, अंगावर काटा येतो, पाय झाडत राहतो माणूस, उलट्या, जुलाब, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं आणि साधारण आठवड्यात उतरतं. एवढंच असतं तर पाणी-सलाइन नीट मिळालं की बहुतेक वेळा जिवावर येत नाही. पण तो झोपेच्या गोळ्याही घेतो ना, त्या रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि बंद खोलीत फिट आली तर आई काय करणार? त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या असतात. दारूचंही तसंच आहे, तो पीत असेल तर तेही डॉक्टरला सांग.

आणि कोंडून समजा आठवडा निघालाच, तर खरा धोका त्यानंतर आहे, हे आईला नीट सांग. आठवडाभरात शरीराची सवय मोडते. मग एखाद्या संध्याकाळी राहवलं नाही आणि त्याने पूर्वीएवढाच डोस घेतला, तर तोच डोस आता जीव घेतो. सेंटरमधून, हॉस्पिटलमधून, जेलमधून नुकत्याच सुटलेल्यांचे ओव्हरडोस म्हणूनच इतके होतात. लोकांना वाटतं टर्की काढली म्हणजे व्यसन गेलं, पण उपचार तिथून सुरू होतात गं.

आता "इथे सेंटर नाही" याबद्दल. तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली, की सेंटर नाही म्हणजे उपचारच नाहीत असं धरून तुम्ही महिनोन्महिने थांबलाय. हेरॉइन आणि त्या जातीच्या पेनकिलरच्या व्यसनावर औषधं आहेत, ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन, 2005 पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती सुरू असतील तोपर्यंत ओव्हरडोसने मरण्याचा धोका खूप कमी होतो, तलफ दबते, माणूस कामावर जाऊ शकतो. आणि यासाठी ॲडमिट व्हावंच लागतं असं नाही, बरेच लोक घरी राहून, ओपीडीत जाऊन घेतात. म्हणजे तुला बिल्डिंग शोधायची नाहीये, हे औषध देणारा डॉक्टर शोधायचाय. हे डोक्यात ठेवून शोधलंस तर काम बरंच सोपं होईल.

सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात फोन कर. तिथे सोय नसेल तर विचार की जवळच्या कुठल्या शहरात आहे आणि तुम्ही पत्र द्याल का. शहरात एखादा प्रायव्हेट सायकियाट्रिस्ट असेल तर त्याला. तोही नसेल तर तुमचा नेहमीचा फॅमिली डॉक्टर, त्याला एकटी भेट आणि सरळ सांग, माझ्या भावाला हेरॉइन आणि झोपेच्या गोळ्यांचं व्यसन आहे, तुम्ही बघाल का नाहीतर कुणाकडे पाठवाल. बऱ्याच देशांत सरकारी हेल्पलाइनही असते, ते जवळचं ठिकाण सांगतात. एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन जिथे चालतं तिथेही विचार, सुई टोचून नशा करणाऱ्यांसोबत काम करणारे लोक तिथे असतात आणि कुठला डॉक्टर माणसाशी नीट बोलतो हे त्यांना पक्कं माहीत असतं. पहिल्या भेटीला दुसऱ्या शहरात जावं लागलं तरी जा, पुढच्या काही भेटी व्हिडिओवर किंवा गावातल्या डॉक्टरमार्फत होतात का ते तिथेच विचारून घे.

एक गोष्ट आधीच माहीत असू दे, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबराल. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली विरघळू द्यायची असते, गिळायची नाही. आणि हेरॉइन अंगात असताना घेतली तर टर्की एकदम अंगावर येते, म्हणून डॉक्टर साधारणपणे थांबायला सांगतात, जांभया-काटा-नाक वाहणं सुरू झालं की मग पहिला डोस. त्या थांबण्याच्या तासांत तो चिडेल, निघून जातो म्हणेल, तेव्हा कुणीतरी शेजारी बसून राहायला हवं. शेवटचं कधी घेतलं हे त्याने खरं सांगणं फार गरजेचं आहे, त्यामुळे त्या दिवशी घरात कुणी त्यावरून बोलायचं नाही, आईला हे आधीच बजावून ठेव. झोपेच्या गोळ्या आणि हे औषध दोन्ही श्वास मंद करतात, म्हणून तेही डॉक्टरपासून लपवायचं नाही.

हे सगळं तू आत्ता करायचंस, तो तयार व्हायच्या आधी. कारण तो कधीतरी "बास झालं, मला सोडायचंय" म्हणेल, रात्री दोन वाजता रडत म्हणेल किंवा पैसे संपल्यावर म्हणेल, आणि ती इच्छा काही तास टिकते. छोट्या शहरात तिथेच सगळं हातचं जातं बघ, तो हो म्हणतो आणि मग घरचे डॉक्टर शोधायला लागतात, चार दिवसांनी अपॉइंटमेंट मिळते आणि तोवर पोरगा परत घेऊन बसलेला असतो. म्हणून नंबर, ओपीडीचे वार, कोण गाडी चालवणार, कोण आईजवळ थांबणार, सगळं लिहून ठेव.

त्याच्याशी बोलायचं ते नशेत असताना नाही, टर्कीतही नाही. सकाळी जरा बरा दिसला की थोडकंच बोल: "मला तुझी भीती वाटते. मी डॉक्टर शोधून ठेवलाय, औषधाने त्रास कमी होतो म्हणतात. तू म्हणशील तेव्हा मी सोबत येते." नाही म्हणाला तर विषय सोड, काही दिवसांनी परत काढ. पैसे हातात देऊ नकोस पण जेवायला मात्र हाक मार. घालूनपाडून बोलून कुणी सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाहीये.

सेंटरवाल्यांचं. सगळी सेंटर वाईट नसतात, घरात राहून जमत नसेल तर ॲडमिट होणं चांगलंच. पण न सांगता उचलून नेतो म्हणणाऱ्यांना माझा नकार आहे. माणसांना व्यसनापायी जबरदस्तीने डांबून ठेवणारी सरकारी केंद्रं बंद करा असं 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या 12 संस्थांनी मिळून सांगितलं होतं, मग ज्याचा परवानासुद्धा तू पाहिलेला नाहीस तिथे भावाला का सोपवायचं? पुढच्या सेंटरला फोन करशील तेव्हा परवाना आहे का, डॉक्टर रोज येतो का, झोपेच्या गोळ्या कशा कमी करता, ब्युप्रेनॉर्फिन देता का, घरच्यांना कधी भेटता येतं आणि सुटल्यावर पुढे कोण बघतं, हे विचार. भेटच नाही म्हणाले किंवा नुसतं "आमच्यावर सोडा" म्हणाले तर फोन ठेव.

घरात नॅलोक्सोन ठेवता येतं का ते डॉक्टरला विचार, ओव्हरडोस उलटवणारं औषध आहे, स्प्रे किंवा इंजेक्शन. हाका मारून उठत नाही, श्वास थांबून थांबून किंवा घोरल्यासारखा, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असं दिसलं की ॲम्ब्युलन्स बोलव, नॅलोक्सोन दे, श्वास नसेल तर तोंडाने श्वास दे, असेल तर कुशीवर वळव. शुद्धीवर आला तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि हेरॉइन त्यानंतरही अंगात राहू शकतं. झोपेच्या गोळ्यांवर ते चालत नाही, तरीही द्यायचं.

सोबतीचं काय म्हणशील, तर नार्कोटिक्स ॲनॉनिमस आहे, व्यसन सोडणाऱ्यांनीच एकमेकांसाठी चालवलेली संघटना, 1953 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेली, फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही, सोडायची इच्छा एवढीच अट. तुमच्याकडे मीटिंग होत नसेल तर ऑनलाइन असतात, आणि ओळखीचा चेहरा दिसेल अशी भीती असणाऱ्याला आधी त्याच बऱ्या. त्यांची जुनी बहीण म्हणावी ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुड्या माणसांच्या बोलण्यातून उभी राहिली, त्यामुळे तुमच्या शहरात आज दोनच जण असले तरी पुष्कळ झाले. फक्त काही ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतं की गोळी चालू आहे म्हणजे तू क्लीन नाहीस. त्यांचं ऐकून त्याने औषध बंद करायचं नाही, ते डॉक्टर ठरवेल. तुझ्यासाठी आणि आईसाठी नार-ॲनॉन आहे, घरच्यांचा ग्रुप, त्यात तू त्याच्याआधी जा, तो तयार असो नसो.

राहिलं लोकांचं. आईला म्हणावं, छोट्या शहरात हे आत्ताही बऱ्याच जणांना माहीतच असणार, फक्त तुमच्या तोंडावर कुणी बोलत नसेल. डॉक्टर बाहेर बोलत नाही, ते त्याच्या पेशाला बांधलेलं असतं. तरी नातेवाईकांपैकी एका भरवशाच्या माणसाला तुम्हीच आपणहून सांगा, मामा असेल, काकू असेल, कारण रात्री गाडी लागली तर कुणाला तरी उठवावं लागणार आहे आणि तेव्हा पहिल्यापासून सगळं समजावत बसायला वेळ नसतो.

सोमवारी त्या मानसोपचार विभागाला फोन लाव. ते काय म्हणाले ते मला लिही, नाही म्हणाले तरी लिही, मग पुढचं ठिकाण आपण मिळून शोधू.

— तुझी मावशी