रजेचे दिवस शिक्षेत धरतात का?

प्रश्न: भाऊ 10 मार्च 2012 पासून सलग आत आहे. जन्मठेप. तीनदा पॅरोल मिळाला: आईच्या आजारपणात दोनदा 30 दिवस आणि कोविडच्या वेळी 45. फर्लोही झाली. 10 मार्च 2026ला 14 वर्षं होतात, म्हणजे तो त्या दिवशी सुटणार ना?

उत्तर: नाही, दोन कारणांनी. पहिलं हिशेबाचं. पॅरोल, म्हणजे आजारपणासारख्या कारणासाठी मिळणारी रजा (कागदोपत्री 'अभिवचन रजा'), 14 वर्षांच्या प्रत्यक्ष कारावासात धरत नाहीत. रोहन धुंगट विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023मध्ये हे स्पष्ट केलं. पॅरोलचे दिवस मोजले, तर वजनदार कैदी पुन्हा पुन्हा पॅरोल मिळवून बाहेर बसूनच 14 वर्षं भरतील, असा त्यामागचा विचार. त्याच वर्षी हरियाणातल्या एका प्रकरणात कोविडच्या पॅरोललाही हाच न्याय लागला. म्हणून तुमच्या भावाचे 105 दिवस पुढे ढकला: 23 जून 2026च्या आसपास. फर्लोचं, म्हणजे खास कारण न दाखवता ठरावीक काळाने मिळणाऱ्या 'संचित रजे'चं, तसं नाही. त्या काळात शिक्षा चालूच राहते. 1959च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांतही फर्लो सूट म्हणून धरायची, पॅरोल नाही, असा फरक आहे.

कमावलेली माफी, म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून वजा होणारे दिवस, या 14 वर्षांत धरू नका. चूक बहुतेक तिथेच होते. कारागृहाकडून नॉमिनल रोल मागून घ्या. त्यात प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा, माफी आणि रजा वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. एखाद्या रजेची तारीख चुकली असेल, तर ती तिथेच सापडते.

दुसरं कारण: 14 वर्षं हा फक्त उंबरठा. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे गोपाळ गोडसे प्रकरणात 1961मध्येच ठरलं. मुदतपूर्व सुटका शासन गुन्ह्याच्या वर्गवारीप्रमाणे ठरवतं आणि काही वर्गांना 14हून बरीच जास्त वर्षं लागतात. धोरण मात्र शिक्षा झाली त्या तारखेचं लागू होतं. नंतरचं धोरण अधिक सौम्य असेल, तर त्याचा फायदा मागता येतो (हरियाणा विरुद्ध जगदीश, 2010).

प्रश्न: वडील अतिदक्षता विभागात असताना मुलाचा पॅरोल अर्ज 'पोलीस अहवाल प्रतिकूल, गुन्हा गंभीर' एवढ्यावर फेटाळला. आता काय?

उत्तर: आदेशाची प्रत आधी हातात घ्या. तोंडी 'नाही'वर पुढे काहीच होत नाही. नुसतं गुन्ह्याचं स्वरूप पाहून पॅरोल सरसकट नाकारू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने अश्फाक विरुद्ध राजस्थान (2017) मध्ये म्हटलं आहे. 'शांतता भंग होण्याची शक्यता' हे वाक्य अहवालांत जणू छापूनच येतं. नेमकी कोणाला भीती, कोणाचा जबाब, हे त्यात आहे का ते बघा. नसेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करा. सोबत रुग्णालयाचं दाखल असल्याचं प्रमाणपत्र (नुसती औषधाची चिठ्ठी चालत नाही), जामीनदार नातेवाइकाची कागदपत्रं आणि मुलगा याआधी रजेवरून वेळेत परतला असेल तर त्याची नोंद जोडा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न: दोन दिवस उशिरा हजर झालं तर?

उत्तर: नवा गुन्हा नोंदवला जाऊ शकतो आणि पुढची रजा अडते. मुदतवाढीचा अर्ज केला म्हणजे मुदत वाढली, असं समजू नका. आदेश हातात नसेल, तर ठरल्या दिवशी कारागृहाच्या दारात हजर व्हा.