चांदीची ‘गिरणी’ आणि ‘गाळणे’

अमेरिकेतील नेव्हाडा राज्यातल्या व्हर्जिनिया सिटीच्या जुन्या खाणींवरील मजकुराचे भाषांतर करताना तिथल्या ‘मिल’ला ‘गिरणी’ आणि धातुकापासून, म्हणजे खाणीतल्या धातुयुक्त दगडापासून, शुद्ध चांदी मिळेपर्यंतच्या साऱ्या कृतीला ‘चांदी गाळणे’ म्हणावे का, अशी आपली पृच्छा आहे.

‘गिरणी’ चूक नाही. पण तो शब्द वाचताच आपल्यासमोर दळण नाही तर गिरणगाव उभे राहते. १८५९ साली तिथे कॉमस्टॉक नावाचा चांदीचा साठा उजेडात आल्यावर उभ्या राहिलेल्या कारखान्यांत पहिले काम कांडण्याचे होते : फिरत्या दांड्यावरील उंचवट्यांनी उचललेली लोखंडी मुसळे पाणी सोडलेल्या धातुकावर आदळत, अगदी आपल्याकडे मसाला कुटणाऱ्या डंखासारखी. म्हणून मला ‘कांडप कारखाना’ अधिक नेमका वाटतो. मेक्सिकोतील जुन्या पद्धतीत मात्र खेचरे फरसबंद वर्तुळात जड दगड ओढून धातुक भरडत. त्याला ‘घाणा’च म्हणावे, कारण किल्ल्यांवरचा चुन्याचा घाणा पाहिलेल्या वाचकाला निराळे स्पष्टीकरण लागणार नाही.

खरी अडचण ‘गाळणे’ची आहे. कांडलेला लगदा वाफेने तापवलेल्या लोखंडी पात्रांत मीठ, मोरचूद आणि पारा घालून घोटला जाई आणि चांदी पाऱ्यात उतरून पारदमेल तयार होई. हा मेल जाड कापडातून पिळून जास्तीचा पारा काढत, हे एक गाळणे. उरलेला गोळा बंद भट्टीत तापवून पाऱ्याची वाफ थंड करून परत मिळवत, हे दारू गाळण्यातले गाळणे. आणि मागे राहिलेली सच्छिद्र चांदी वितळवून लगडी ओतत, हे सोनाराचे गाळणे. एकाच क्रियापदाने तिन्ही सांगितल्यास वाचक पुरता गोंधळेल. तेव्हा अनुक्रमे ‘पिळणे’, ‘ऊर्ध्वपातन’ आणि ‘आटणी’ असे शब्द योजावेत.

‘शुद्धीकरण’ हा शब्द त्यानंतरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावा, कारण कॉमस्टॉकच्या लगडीत चांदीबरोबर सोनेही असे आणि ते तेजाबाने वेगळे केल्याशिवाय तिला शुद्ध म्हणता येत नसे. आपल्या मसुद्यात कारखान्यातून थेट ‘शुद्ध चांदी’ बाहेर पडते, तिथे ‘कच्ची लगड’ असा बदल करावा.